साखर नॉर्मल, तरी दिवसाला दहा लिटर पाणी: शस्त्रक्रियेआधी काय तपासावे?

ताई, आपण जे लिहिले आहे ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. आपले यजमान ३६ वर्षांचे, वजन ७० किलो, व्यवसायाने शिक्षक. चार महिन्यांपूर्वी त्यांना अचानक तहान लागू लागली आणि ती कमी झालेली नाही. दिवसभरात नऊ-दहा लिटर पाणी लागते, तेही फ्रिजमधले थंड, आणि रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागते. उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर दोनदा तपासली, दोन्ही वेळा नॉर्मल आली. प्रोस्टेटची सोनोग्राफीही ठीक आहे. एका डॉक्टरांनी ‘हे मनाचे आहे, पाणी कमी करा’ असे सांगितले, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी एका संध्याकाळी त्यांचे पाणी बंद करून पाहिले. त्या रात्री त्यांची जीभ कोरडी पडली, डोके दुखू लागले, खूप चिडचिड झाली, आणि लघवी मात्र पूर्वीइतकीच होत राहिली. पुढच्या महिन्यात त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. आपण तीन प्रश्न विचारले आहेत: हा मधुमेहच असून तपासणीतून निसटतो आहे का, पाणी तोडावे का, आणि हे आयुष्यभराचे दुखणे आहे का.

मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आजच अमलात आणायचे आहे. पाणी तोडू नका. तहान लागेल तेव्हा, लागेल तितके पाणी त्यांना मिळाले पाहिजे, रात्रीसुद्धा. उशाशी भरलेली बाटली असू द्या. आपण न विचारलेला एक चौथा प्रश्नही यात आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत तातडीचा आहे: या अवस्थेत हर्नियाची शस्त्रक्रिया करावी का? निदान होईपर्यंत ती पुढे ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पुढे सविस्तर सांगतो.

रुग्णाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे मी जे लिहितो आहे ती शक्यतांची मांडणी आहे. परंतु आपल्या पत्रातले एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, आणि ते म्हणजे पाणी बंद केल्यावरही लघवी तितकीच होत राहिली. निरोगी माणसाने पाणी पिणे थांबवले की काही तासांतच त्याची लघवी कमी होते आणि गडद पिवळी होते. तसे होत नसेल, तर शरीराची पाणी धरून ठेवण्याची यंत्रणाच बिघडली असल्याची दाट शंका घ्यावी लागते.

ही यंत्रणा कशी चालते हे समजून घेतले की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ लागतो. आपली मूत्रपिंडे दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले बहुतेक पाणी कोणत्याही हार्मोनची वाट न पाहता रक्तात परत शोषले जाते. उरलेल्या पाण्याचे काय करायचे, ते परत घ्यायचे की लघवीवाटे सोडून द्यायचे, हे व्हासोप्रेसिन नावाचे हार्मोन ठरवते. ते मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते, एका बारीक देठातून खाली उतरते आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात साठून राहते. रक्त किंचित जरी दाट झाले, तरी ते रक्तात सोडले जाते. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांमधील पेशींना व्हासोप्रेसिनचा संदेश मिळाला की त्यांच्या पृष्ठभागावर ॲक्वापोरिन नावाच्या सूक्ष्म जलवाहिन्या येऊन बसतात आणि त्यांतून पाणी आत ओढले जाते. या वाहिन्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संदेश मिळालाच नाही तर वाहिन्या येत नाहीत, आणि पाण्यासारखी पातळ, रंगहीन लघवी लिटरच्या लिटर वाहून जाते. रक्त दाट होऊ लागते, मेंदूतले तहानेचे केंद्र जागे होते, आणि माणूस पाणी पितो. म्हणजे लघवी आधी आणि तहान नंतर. अशा माणसाला तहानच जिवंत ठेवत असते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. साखरेच्या मधुमेहातही तहान आणि लघवी वाढते, परंतु तेथे रक्तातली जादा साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. दोनदा साखर नॉर्मल आली असेल आणि लघवीतही साखर नसेल, तर एवढ्या प्रमाणातल्या लघवीला साखरेचा मधुमेह जबाबदार धरता येत नाही. लघवीतली साखर तपासली नसेल, तर ती आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी, एकदा करून घ्या, म्हणजे तो विषय संपेल. मला ज्या आजाराची शंका आहे, त्याचे जुने नाव डायबेटिस इन्सिपिडस. नावात डायबेटिस असले तरी त्याचा साखरेशी काहीही संबंध नाही; त्यात साखरेच्या मधुमेहासारखे डोळ्यांचे किंवा नसांचे नुकसान होत नाही आणि भात-साखर बंद करून काही साधतही नाही. हा आजार विरळा आहे, साधारण पंचवीस हजार माणसांत एकाला होणारा, त्यामुळे एखाद्या डॉक्टरांच्या तो चटकन लक्षात आला नाही तर त्यात नवल वाटायला नको.

पण निदानापर्यंत उडी मारण्याआधी एक साधी गोष्ट मोजायची असते, आणि बहुतेक रुग्ण ती न मोजताच माझ्याकडे येतात. ‘लघवीला वारंवार जावे लागते’ आणि ‘लघवी खूप होते’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. प्रोस्टेट वाढल्यास, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाल्यास किंवा मूत्राशय हळवे झाल्यास माणूस वीस वेळा जातो, पण प्रत्येक वेळी थोडीशीच लघवी होते. दिवसाची बेरीज दीड-दोन लिटरच भरते. म्हणून २४ तासांची लघवी मोजा. औषधाच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेत पाच लिटरचे कॅन मिळतात. यजमानांसाठी दोन किंवा तीन लागतील. सकाळी सहा वाजताची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, शौचाच्या वेळची धरून, खुणा असलेल्या मगात घेऊन आकडा लिहायचा आणि कॅनमध्ये ओतायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची लघवी मात्र त्यात धरायची. या दिवशी मुद्दाम पाणी कमी किंवा जास्त प्यायचे नाही, नेहमीसारखेच वागायचे, आणि किती पाणी, चहा, ताक पोटात गेले त्याचीही वेगळी नोंद ठेवायची. शाळेत जाणाऱ्या माणसाला हे अवघड जाते, म्हणून रविवार निवडा.

प्रौढ व्यक्तीची लघवी २४ तासांत तीन लिटरपेक्षा जास्त, किंवा वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिलिटरपेक्षा जास्त भरली, तर ती निश्चित जास्त म्हणावी. सत्तर किलोच्या माणसासाठी दुसऱ्या हिशोबाने ही मर्यादा साडेतीन लिटर येते. बेरीज दोन लिटर आली तर माझे पुढचे सगळे लिखाण बाजूला ठेवून मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा. नऊ लिटर आली तर पुढे वाचा.

त्याच आठवड्यात रक्ताच्या काही साध्या तपासण्या करून घ्याव्यात: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, आणि सकाळच्या पहिल्या लघवीची व त्याच वेळी घेतलेल्या रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यांत विरघळलेल्या क्षारांचे व इतर पदार्थांचे प्रमाण. कॅल्शियम वाढले किंवा पोटॅशियम फार उतरले तरी मूत्रपिंड व्हासोप्रेसिनला दाद देईनासे होते, आणि ते दुरुस्त केले की लघवी आपोआप कमी होते. रक्तातले सोडियम साधारण १३५ ते १४५ च्या दरम्यान असते. ते १४५ च्या वर आहे आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी मात्र ३०० च्या खाली आहे, असे एकाच वेळी सापडले, तर शरीराला पाण्याची गरज असूनही मूत्रपिंड ते सोडून देते आहे हे तेथेच सिद्ध होते. उलट सकाळच्या पहिल्या लघवीची ऑस्मोलॅलिटी ८०० च्या पुढे असेल तर हा आजार नाही असे मी निर्धास्तपणे सांगतो. बहुतेकांचे आकडे या दोन टोकांच्या मध्ये येतात, कारण पाणी हाताशी असेल तर तहान सोडियमला वर जाऊच देत नाही. सोडियम नॉर्मल आले म्हणून ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

येथून पुढे तीन वाटा फुटतात. पहिली, व्हासोप्रेसिन तयारच होत नाही किंवा अपुरे होते. दुसरी, ते तयार होते पण मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. तिसरी, यंत्रणा धडधाकट आहे, पण माणूसच गरजेपेक्षा फार पाणी पितो आणि शरीर ते जादा पाणी रीतसर बाहेर टाकते. गरोदरपणात वारेतील एक विकर व्हासोप्रेसिनचे विघटन करते, ती चौथी वाट. तिचा येथे संबंध नाही.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडे सांगतो, कारण ‘मनाचे आहे’ हा शेरा तेथूनच येतो. अशी माणसे खरोखर असतात. काहींना मानसिक आजार असतो, काहींना त्या आजाराच्या औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि अलीकडे मोबाइलवर आलेले सल्ले वाचून पहाटे उषःपान म्हणून दीड-दोन लिटर आणि दिवसभरात आणखी पाच-सहा लिटर पाणी निष्ठेने पिणारी मंडळीही येतात. त्यांची लघवीही पाण्यासारखीच असते. काही गोष्टींवरून अंदाज बांधता येतो. व्हासोप्रेसिनच्या कमतरतेत तहान बहुधा अचानक सुरू होते, रुग्णाला जवळजवळ तारीख सांगता येते. रात्रीची झोप मोडून तो पाणी पितो, आणि त्याला बर्फासारखे थंड पाणी हवेसे वाटते. जादा पाणी पिणाऱ्यांची तक्रार हळूहळू वाढलेली असते आणि बहुतेकांना रात्री शांत झोप लागते. आपल्या यजमानांच्या बाबतीत तिन्ही खुणा पहिल्या वाटेकडे बोट दाखवतात. तरीही हे अंदाजच आहेत. केवळ बोलण्यावरून मी कोणाला ‘मनाचे’ म्हणत नाही आणि केवळ बोलण्यावरून औषधही सुरू करत नाही, कारण तिसऱ्या वाटेवरच्या माणसाला पहिल्या वाटेचे औषध दिले तर त्याच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

दुसऱ्या वाटेसाठी एक प्रश्न नक्की विचारावा लागतो: त्यांना लिथियम कधी दिले होते का? मनःस्थितीच्या चढउतारांवर ते अतिशय गुणकारी औषध आहे, पण दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंड व्हासोप्रेसिनला जुमानेनासे होऊ शकते. घेत असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. या दुसऱ्या प्रकारात उपचारही वेगळे असतात, मीठ कमी करणे आणि थायझाइड गटातली औषधे, ज्यांचा मी येथे विस्तार करत नाही.

या वाटा वेगळ्या करण्याची जुनी, रुळलेली पद्धत म्हणजे पाणी बंद ठेवून केलेली तपासणी. आपण विचाराल की घरी पाणी तोडू नका म्हणणारा डॉक्टर रुग्णालयात तेच कसे करतो. फरक पहाऱ्याचा आहे. सकाळी रुग्णाला दाखल करून घेतो, कारण दिवसाला आठ-दहा लिटर लघवी होणाऱ्याला आदल्या रात्रीपासून उपाशी-तहानलेला ठेवणे मला मान्य नाही. दर तासाला वजन, दर तासाला लघवीचे माप व तिची ऑस्मोलॅलिटी, ठरावीक अंतराने रक्तातले सोडियम. एक परिचारिका सतत जवळ असते. न्हाणीघरातही कोणी तरी सोबत जाते, कारण तहानेने कासावीस झालेला माणूस नळाचे पाणी प्यायल्याशिवाय राहत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. वजन ३ टक्क्यांहून जास्त घटले किंवा सोडियम १४५ च्या पुढे गेले की पाणी बंद ठेवणे तेथेच थांबवायचे. मग डेस्मोप्रेसिनचे, म्हणजे व्हासोप्रेसिनच्या कृत्रिम रूपाचे, इंजेक्शन द्यायचे. त्यानंतर लघवीची ऑस्मोलॅलिटी निम्म्याहून अधिक वाढली तर हार्मोनची कमतरता होती. जेमतेम हलली तर मूत्रपिंड दाद देत नाही. आणि पाणी बंद असतानाच लघवी व्यवस्थित दाट झाली असेल तर यंत्रणा ठीक आहे.

कागदावर हे जितके स्वच्छ दिसते तितके प्रत्यक्षात नसते. कमतरता अर्धवट असेल, किंवा कोणी अनेक महिने फार पाणी पीत असेल, तर दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून आता कोपेप्टिन मोजण्याकडे कल आहे. व्हासोप्रेसिन रक्तात फार लवकर नष्ट होते आणि मोजायला अवघड असते. कोपेप्टिन हा त्याच मूळ रेणूचा तुकडा असून तो टिकाऊ असतो. २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, शिरेतून तीव्र क्षारद्रव देऊन मग कोपेप्टिन मोजल्यास सुमारे ९६.५ टक्के वेळा अचूक निदान झाले. पाणी बंद ठेवण्याच्या तपासणीत हेच प्रमाण ७६.६ टक्के होते. मात्र क्षारद्रवाची तपासणी सोडियम पटापट मोजण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच करावी, आणि कोपेप्टिनची सोय अजून सर्वत्र नाही. जी तपासणी आपल्या तज्ज्ञांच्या हाताखालून नेहमी जाते ती नीट करून घेणे मला जास्त पसंत आहे.

हार्मोनची कमतरता ठरली की ‘का’ हा प्रश्न उरतो, आणि तो टाळून केवळ औषध सुरू करणे मला पटत नाही. पिट्युटरीचा एमआरआय करावाच लागतो, केवळ मेंदूचा सर्वसाधारण एमआरआय पुरत नाही. पिट्युटरीचा मागचा भाग एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात एरवी चमकदार ठिपक्यासारखा दिसतो. या आजारात तो ठिपका बहुधा नाहीसा होतो. देठ जाड झाला आहे का, जवळ गाठ आहे का, हेही त्यातच कळते. डोक्याला मार लागणे, पिट्युटरीची शस्त्रक्रिया, क्रॅनिओफॅरिंजिओमासारखी गाठ, लहान वयात जर्मिनोमा ही गाठ, हाडे-कान-त्वचेतही दिसणारा लँगरहॅन्स पेशींचा आजार, अवयवांत सुजेच्या बारीक गाठी करणारा सार्कॉइडोसिस, शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा क्षय, ही त्यामागची कारणे. म्हणून छातीचा एक्स-रे, हाडांत कुठे दुखते का, कान सतत वाहतो का, अंगावर पुरळ आहे का, हे सगळे पाहतो. वर्षभरात दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला होता का, हे यजमानांना जरूर विचारा; आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. बऱ्याच रुग्णांत कारण सापडत नाही. तरी पहिला एमआरआय स्वच्छ आला म्हणून फाइल बंद करायची नसते, काही महिन्यांनी तो पुन्हा करावा लागतो, कारण सुरुवातीला न दिसलेली गाठ नंतर दिसू शकते.

पिट्युटरीच्या पुढच्या भागाशी संबंधित हार्मोनेही तपासावीत: सकाळी आठचे कॉर्टिसॉल, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन. यातले कॉर्टिसॉल सर्वांत महत्त्वाचे. ते कमी असेल तर जादा पाणी बाहेर टाकण्याची क्षमताच घटते आणि व्हासोप्रेसिनची कमतरता झाकली जाते. कॉर्टिसॉलचे औषध सुरू केल्यावर काही दिवसांतच लघवीचा लोंढा सुरू होतो. अशा वेळी घरच्यांना औषध बाधले असे वाटते, प्रत्यक्षात औषधाने लपलेला आजार उघडा केलेला असतो.

आता शस्त्रक्रियेविषयी. यजमानांची लघवी दिवसाला दहा लिटर धरली तर तासाला सुमारे ४०० मिलिलिटर होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री बारापासून ‘काही खाऊ-पिऊ नका’ असे सांगितले आणि सकाळी आठला त्यांना आत घेतले, तर आठ तासांत तीन लिटरहून अधिक पाणी जाईल आणि काहीच आत येणार नाही. सत्तर किलोच्या शरीरासाठी हे वजनाच्या साडेचार टक्के होते. पहाऱ्यात केलेली तपासणी मी ज्या घटीवर थांबवतो, तिच्याही पुढे ते कोणाच्या नकळत गेलेले असतील. त्यानंतर भूल, म्हणजे तहान लागली तरी सांगता न येणे. लंडनमध्ये २००९ साली हा आजार असलेल्या २२ वर्षांच्या तरुणाचा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच शरीरातले पाणी आटून मृत्यू झाला. त्याला त्याचे नेहमीचे डेस्मोप्रेसिन दिले गेले नव्हते, आणि त्याने पाण्यासाठी पोलिसांना फोन केला होता. नावात डायबेटिस असल्याने कर्मचाऱ्यांचे लक्ष साखरेकडे जाते आणि डेस्मोप्रेसिन राहून जाते, अशा घटनांमुळेच २०२२ मध्ये जगभरच्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचे नाव बदलून ‘आर्जिनिन व्हासोप्रेसिनची कमतरता’ असे ठेवले; मूत्रपिंड दाद देत नाही त्या प्रकाराला ‘आर्जिनिन व्हासोप्रेसिनला प्रतिरोध’ म्हणतात.

म्हणून शल्यचिकित्सकांना भेटून आत्ताच हे सगळे सांगा. साधा, न दुखणारा, आत ढकलला जाणारा हर्निया काही आठवडे थांबू शकतो. तो कडक झाला, आत जाईना, फार दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मात्र एक क्षणही थांबता येत नाही. तेव्हा रुग्णालयाच्या दारातच ‘यांची लघवी दिवसाला दहा लिटर होते, सोडियम तपासा’ हे वाक्य सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. निदान होऊन औषध बसल्यावर नियोजित शस्त्रक्रिया करताना डेस्मोप्रेसिनची मात्रा चुकवायची नाही, शक्यतो सकाळचा पहिला नंबर घ्यायचा, साधे पाणी किती वाजेपर्यंत चालेल हे भूलतज्ज्ञांकडून नेमके विचारून घ्यायचे, आणि सलाइन कोणते व किती वेगाने हे सोडियमचे आकडे पाहूनच ठरवायचे. एवढी काळजी घेतली तर या रुग्णांच्या शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडतात.

हार्मोनच्या कमतरतेवर औषध एकच, डेस्मोप्रेसिन. ते गोळी, जिभेखाली विरघळणारी वडी, नाकातला फवारा आणि इंजेक्शन अशा रूपांत मिळते. मी बहुधा रात्रीच्या एका लहान मात्रेने सुरुवात करतो, जिभेखालची ६० मायक्रोग्रॅमची वडी किंवा साधी ०.१ मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे पहिला फायदा झोपेला होतो. अनेक महिन्यांनी सलग सहा तास झोपून उठलेल्या रुग्णाचा चेहराच वेगळा दिसतो, आणि घरच्यांचाही. मग गरजेप्रमाणे दिवसाची मात्रा वाढवतो. फवाऱ्याचा एक झोत सहसा १० मायक्रोग्रॅमचा असतो. पण गोळी, वडी आणि फवारा यांच्या आकड्यांची परस्परांशी तुलना करून स्वतः बदल करू नये, कारण प्रत्येक रूपातून रक्तात पोहोचणारे प्रमाण फार वेगळे असते. सर्दीने नाक चोंदले तर फवारा नीट लागू पडत नाही. तालुक्याच्या दुकानात हे औषध मिळेलच असे नाही, म्हणून महिन्याभराचा साठा हाताशी ठेवावा आणि तो पाकिटावर लिहिलेल्या तापमानात सांभाळावा.

आणि येथे नियम बदलतो, तो घरातल्या प्रत्येकाने ऐकावा. औषध सुरू होण्याआधी पाणी तोडणे धोक्याचे. औषध सुरू झाल्यावर तहान नसताना पाणी पिणे धोक्याचे. औषधाचा अंमल असताना मूत्रपिंड पाणी सोडत नाही, त्यामुळे सवयीने, किंवा ‘उन्हाळा आहे, भरपूर पाणी प्या’ असा प्रेमाने दिलेला सल्ला ऐकून दोन-तीन लिटर जादा गेले, तर ते शरीरातच साठते आणि सोडियम उतरते. डोके दुखणे, मळमळ, उलटी, सुस्ती, गोंधळल्यासारखे वागणे आणि शेवटी झटके, असा त्याचा क्रम असतो. अशी लक्षणे दिसली तर पुढची मात्रा न देता त्याच दिवशी सोडियम तपासायचे. म्हणून पहिल्या आठवड्यात आणि मात्रा बदलल्यानंतर मी सोडियमची तपासणी आवर्जून सांगतो, आणि रोज, निदान आठवड्यातून एकदा तरी, पुढची मात्रा थोडी लांबवून लघवी पुन्हा पातळ व भरपूर होऊ द्यायला सांगतो, म्हणजे साठलेले पाणी निघून जाते. पाठदुखीसाठी परस्पर घेतलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके आणि फिट्सवरचे कार्बामाझेपिन या औषधाचा परिणाम वाढवतात, हेही लक्षात असू द्या. जुलाब-उलट्या झाल्या तर घरी वाट पाहू नका. निर्जळी एकादशी किंवा कोणताही बिनपाण्याचा उपवास यजमानांनी करू नये. फराळ करून, पाणी पिऊन केलेल्या उपवासाला माझी हरकत नाही. आजाराचे नाव आणि औषधाची मात्रा लिहिलेले कार्ड खिशात असावे.

हे आयुष्यभराचे आहे का, याचे उत्तर कारणावर अवलंबून आहे. डोक्याला मार लागल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेला आजार अनेकदा काही दिवसांत किंवा महिन्यांत ओसरतो. कारण न सापडलेला किंवा गाठीमुळे झालेला बहुधा कायम राहतो. कायम राहिला तरी वर्गात उभे राहून शिकवणे, एसटीने प्रवास करणे, रात्रभर झोपणे हे सगळे औषधावर शक्य होते, आणि माझे अनेक रुग्ण ते करत आहेत. मुलांबद्दल आपण विचारलेले नाही, पण पुढे मनात येईल म्हणून सांगतो: या आजाराचे आनुवंशिक प्रकार आहेत, मात्र ते बहुधा बालपणातच दिसतात. छत्तिसाव्या वर्षी अचानक सुरू झालेला आणि घराण्यात दुसऱ्या कोणालाही नसलेला आजार मुलांकडे जाण्याची शक्यता फार कमी.

तपासण्यांसाठी अंतःस्रावतज्ज्ञ, ज्यांना एंडोक्रिनॉलॉजिस्ट म्हणतात, त्यांच्याकडेच जा. मोठ्या शहरांत ते खासगीतही आहेत, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना २४ तासांच्या लघवीची व पाण्याची वही, साखरेचे दोन्ही अहवाल, सोडियम-कॅल्शियम-पोटॅशियमचे आकडे, चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे आणि हर्नियाची कागदपत्रे बरोबर न्या. आदल्या रात्री यजमानांना उपाशी ठेवू नका आणि प्रवासात पाण्याची कमतरता पडू देऊ नका. २४ तासांची बेरीज आणि सोडियमचा आकडा हाती आला की येथेच कळवा, मी पाहून पुढचे सांगेन.